तार गेली, कलम राहिले

जुलै 2013 मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी पुष्कळांनी तारघरापुढे रांगा लावून आप्तेष्टांना आठवण म्हणून तारा केल्या. परंतु त्या तारेसाठी इंग्रजांनी 1885 साली केलेला कायदा तारेबरोबर गेला नाही. 2017 साली इंटरनेट तात्पुरते बंद करण्याचे नियम झाले, ते त्याच कायद्याखाली. त्यातील पाचव्या कलमाची हकिगत आम्हांस येथे सांगावयाची आहे.

तारेचे मोल इंग्रजांना 1857 ने शिकविले. मे महिन्यात दिल्लीहून अंबाल्यास गेलेल्या तारेमुळे पंजाबातील अधिकारी वेळीच सावध झाले. त्याच जूनमध्ये कॅनिंगने छापखान्यांवर परवान्याची सक्ती केली. पुढे 1878 मध्ये लिटनने देशी भाषांतील पत्रांचे तोंड बांधले आणि 1882 मध्ये रिपनच्या कारकीर्दीत ते बंधन उठले. जप्त झालेला छापखाना साऱ्या गावाला दिसतो. तारेत अडविलेला निरोप मात्र कोणालाच दिसत नाही. ज्याचा त्यालाही नाही.

1885 च्या कलमाने सरकारला तार ताब्यात घेण्याचा आणि निरोप रोखण्याचा वा पाहण्याचा अधिकार दिला. अट एवढीच, की सार्वजनिक आणीबाणी असावी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तसे करणे जरूर असावे. आता आणीबाणी आहे की नाही, हे ठरवावयाचे कोणी? कायद्यात याचे मोठे मासलेवाईक उत्तर होते. शंका निघाल्यास सरकारच्या सचिवाने सही केलेला दाखला हाच निर्णायक पुरावा! फिर्यादी, साक्षीदार आणि पंच एकच असल्यावर निकालाची चिंता कोणाला? मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले ते याच वर्षाच्या डिसेंबरात.

स्वराज्य आले तरी हा दाखला कायद्यात तसाच होता. तो निघाला 1972 मध्ये, आणि त्याच्या जागी कारणे लेखी नोंदविण्याची अट आली. टपाल अडविण्याचा अधिकार वाढविणारे विधेयक संसदेने 1986 मध्ये मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. टेलिफोन चोरून ऐकणे हा खासगी जीवनाच्या हक्कावर घाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले.

खरी कसोटी लागली ती काश्मिरात. 4 ऑगस्ट 2019 रोजी तेथील टेलिफोन आणि इंटरनेट बंद करण्यात आले. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादिका अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या, तेव्हा ज्या हुकुमांनी हे घडले ते सारे हुकूमसुद्धा सरकारने न्यायालयापुढे ठेवले नाहीत. 10 जानेवारी 2020 रोजी निकाल लागला: असे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, आणि बेमुदत बंदी चालणार नाही. निकाल मोलाचाच, पण न्यायालयाने सेवा सुरू केली नाही, फेरविचार सरकारवरच सोपविला. वेगवान मोबाईल इंटरनेट तेथे परत आले ते फेब्रुवारी 2021 मध्ये.

हे दूरचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. जून 2023 मध्ये दंगलीच्या वेळी कोल्हापुरातही इंटरनेट बंद झाले होते. अफवेने घरे जळतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण अफवा बंद होते तेव्हा तिच्याबरोबर तिचे खंडनही बंद होते, आणि पेठेतल्या दुकानदाराचे पैसेही अडकतात.

2023 मध्ये दूरसंचाराचा नवा कायदा झाला. आणीबाणी आणि सुरक्षितता हे दोन्ही शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. बंदीचा हुकूम योग्य होता की नाही हे पाहणारी समिती आहे, पण तिच्यात सारे सरकारचे सचिवच. निवृत्त न्यायाधीश आणि बिगरसरकारी माणसेही तिच्यात घ्यावीत, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर 2021 मध्ये केली होती. 2024 च्या नियमांत ती उतरली नाही.