‘सेट’ मोजताना

अर्थविचार शिकायला आलेल्यांना मी पहिल्या दिवशी इंग्रजीतला ‘सेट’ हा शब्द देतो. तो सगळ्यांना येतो, आणि तिथेच मौज आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती: सुमारे ४३० अर्थ, ६० हजारांच्या घरात शब्द. (पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकले. क्रिकेटवेड्या मराठीने ‘रन’चा मुख्यतः एकच अर्थ जवळ केला, तो भाग निराळा.)

आकडा ऐकून विद्यार्थी दबकतात. मग मी मूळ सांगतो. ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप, म्हणजे आपले ‘बसवणे’. एवढे कळले की गर्दीतले चेहरे ओळखू येतात. अंगठीत खडा बसवतात, निखळलेले हाड बसवतात. इंग्रजीतही दोन्हीकडे ‘सेट’च. पण आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, तिथे इंग्रजी दुसरी वाट धरते. गजर ते ‘सेट’ करतात, आपण लावतो. जेली तिकडे ‘सेट’ होते, आपले दही लागते. सूर्य तिकडे बसतो. आपला मावळतो, नाहीतर बुडतो.

चहाचा सेट मात्र या घराण्यात बाहेरून आलेला. त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधल्या, परिवार किंवा अनुयायांचा समुदाय अशा अर्थाच्या शब्दात. पुढे क्रियापदाच्या शेजारी राहून तो घरचाच वाटू लागला. प्राध्यापकीसाठी द्यावी लागते ती ‘सेट’ तर नुसती आद्याक्षरे. तिचे नाव काढले की वर्गात उसासे ऐकू येतात.

अनेक अर्थांचा एक शब्द कोणता आणि सारखे दिसणारे दोन शब्द कोणते, इथे या शास्त्राचा कस लागतो. ‘अमरकोशा’त नानार्थांचा स्वतंत्र वर्ग आहे, फ्रान्समध्ये मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या ग्रंथात अनेकार्थतेची चर्चा केली. तरी वाद मिटलेला नाही, कारण खडा आणि हाड एका क्रमांकाखाली घालायचे की दोन, हे शेवटी संपादक ठरवतो. दुसरा कोशकार दोनशेवर थांबेल आणि तोही चुकलेला नसेल. माझा कल त्याच्याकडे आहे.

पुढचे पान उलटण्यापूर्वी ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक, ठेच, नाद, लग्न, आग, सुचतील तशी वाक्ये लिहा आणि अर्थांना क्रमांक द्या. कागद पुस्तकातच ठेवा. चौथ्या प्रकरणात तो लागेल.