वॉटर ब्लॉकमधील पाण्याची दिशा

संगणकाच्या प्रोसेसरवर घट्ट बसवलेली, आतून पाणी खेळवलेली तांब्याच्या तळाची चपटी डबी म्हणजे वॉटर ब्लॉक. प्रोसेसरची उष्णता तांब्यातून पाण्यात उतरते, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथले पंखे ती हवेत सोडतात. ब्लॉकला दोन तोंडे असतात, एक पाणी घेणारे आणि एक सोडणारे. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे नळ्या सहज उलट जोडल्या जातात.

तळाच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक चर कोरलेले असतात. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनमध्ये सुमारे ५० मायक्रॉन रुंदीचे चर कोरून दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट उष्णता पाण्याने काढून दाखवली होती. प्रोसेसरच्या बहुतेक ब्लॉकमध्ये चरांवर फट असलेली पट्टी बसवतात. पाणी त्या फटीतून जोराने मध्यावर, म्हणजे सर्वांत तापलेल्या जागी आदळते आणि दुभागून कडांकडे जाते. नळ्या उलट झाल्या की कडांनी शिरलेले पाणी मध्यावर पोहोचेपर्यंत कोमट झालेले असते, शिवाय आदळण्याचा जोरही जातो. संगणक चालत राहतो, पण प्रोसेसर काही अंश जास्त तापतो. ग्राफिक्स कार्डाच्या अनेक ब्लॉकना मात्र दोन्ही दिशा चालतात.

पाणी आधी रेडिएटरात जावे की ब्लॉकमध्ये, यावर होणारा खल बहुतांशी व्यर्थ आहे. मिनिटाला १ लिटर प्रवाह असेल तर २०० वॉटचा प्रोसेसर त्या पाण्याचे तापमान जेमतेम ३ अंशांनी वाढवतो. क्रम एवढाच पाळावा, की टाकी पंपाच्या आधी आणि वर असावी. पंप कोरडा फिरता कामा नये.

माळशिरस तालुक्यातील वेळापूरसारख्या गावी नळ्या बरोबर जोडून वाचणारे काही अंश मोलाचे ठरतात. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दुसरी काळजी पाण्याची. क्षारांनी ठिबकची तोंडे कशी बुजतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको; ब्लॉकचे चर त्याहून कितीतरी बारीक. म्हणून बोअरचे पाणी कधीही भरू नये. ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक द्रव वापरावा. बुजलेला ब्लॉक धुताना मात्र उलटी धारच उपयोगी पडते.

महाराष्ट्रात अशा द्रवशीतनाचे मोठे रूप पुण्याच्या आयसर संस्थेत आहे. सी-डॅक या संस्थेने राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत उभारलेला ७९७ टेराफ्लॉप क्षमतेचा ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ पासून तिथे असून, त्याची उष्णताही थेट द्रवाने काढली जाते.

ब्लॉक जोडण्यापूर्वी त्यावरचा बाण किंवा सोबतची पुस्तिका पाहावी. खूण नसेल, तर प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये मध्याजवळचे तोंड बहुधा पाणी घेणारे असते.