रूळ दुरुस्त झाले, पण मनाचं काय?

९ जून १८६५. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात, स्टेपलहर्स्टजवळच्या छोट्या रेल्वेपुलावर लाकडी तुळया बदलायचं काम चालू होतं. बोटीचे उतारू घेऊन फोकस्टनहून लंडनला जाणाऱ्या गाडीची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलायची. मुकादमाने वेळापत्रकात चुकून दुसऱ्याच दिवसाची वेळ पाहिली. गाडीला अजून दोन तास आहेत या समजुतीत रूळ काढले गेले आणि सव्वातीनच्या सुमारास गाडी समोर!

लाल बावटा घेतलेला माणूस सुमारे ९०० मीटर पुढे उभा हवा होता, तो जेमतेम ५०० मीटरवर होता. तेवढ्या अंतरात गाडी थांबली नाही. डबे पुलावरून खाली कोसळले. १० जण दगावले, ४० जखमी झाले. मुकादमाला नऊ महिन्यांची कैद झाली. (बावटेवाला नियमाच्या अंतरावर असता, तर मुकादमाची चूक कदाचित निभावून गेली असती.)

पहिल्या वर्गाचा एक डबा तेवढा पुलाच्या कडेला तिरका लटकत राहिला. त्यात प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. अंगावर मोठी जखम नव्हती. बाहेर पडून ते कितीतरी वेळ जखमींना आपल्या टोपीतून पाणी आणि जवळची ब्रँडी पाजत होते. त्रास सुरू झाला तो नंतर. हात थरथरू लागले, काही दिवस आवाज बसला. पुढेही आगगाडीत बसलं की मध्येच धडकी भरायची आणि ते आसन घट्ट धरून ठेवायचे.

अशा रुग्णांचं काय करावं हे तेव्हाच्या डॉक्टरांना उमगत नव्हतं. १८६६ मध्ये लंडनचे सर्जन एरिक्सन यांनी सांगितलं, की हादऱ्याने मज्जारज्जूला इजा होते. त्यातून ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव रूढ झालं. १८८३ मध्ये रेल्वे कंपनीचे सर्जन हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढलं: यातली बरीच लक्षणं भीतीची आहेत. नुकसानभरपाई कंपनीलाच द्यावी लागे, तेव्हा त्यांचा हेतू निव्वळ वैद्यकीय होता असं म्हणवत नाही. पण भीतीने शरीर खरोखर आजारी पडतं, हा त्यांचा मुद्दा टिकला. आज अशी लक्षणं महिनाभराहून जास्त टिकली, तर आम्ही ‘पीटीएसडी’चा विचार करतो. त्यावर समुपदेशन आणि औषधं, दोन्ही आहेत.

डिकन्स वारले ९ जून १८७० रोजी, बरोबर पाच वर्षांनी. तारखेचा योगायोग चटका लावतो, पण मृत्यूचं कारण पक्षाघाताचा झटका होतं.