२२७ टन सोनं आणि एक फसलेला ड्रॅगन

सिनेमा वाईट निघाला तर लोक फार तर तिकिटाच्या पैशांना शिव्या देतात आणि विसरून जातात. पण २००७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात एका ड्रॅगनपटावरून अख्खा देश भांडत होता. सिनेमा आवडला नाही म्हणणाऱ्याला देशद्रोह्याच्या रांगेत बसवलं जात होतं. ती गोष्ट सगळ्यांनी एकदा वाचावी असं वाटलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सिनेमाचं नाव 'डी-वॉर', दिग्दर्शक शिम ह्युंग-रे. हा माणूस मुळात टीव्हीवरचा विनोदी नट. ऐंशीच्या दशकात 'यंग-गू' नावाच्या गावंढळ, भोळसट पात्रामुळे घराघरांत पोचलेला. पुढे त्याने मुलांसाठी डायनोसॉरचे सिनेमे काढले आणि स्वतःच्या कंपनीलाही त्याच पात्राचं नाव दिलं.

आता थोडं मागे जाऊ. १९९४ साली कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांपुढे, किम यंग-साम यांच्यापुढे, एक अहवाल ठेवला गेला. त्यातला एक हिशेब देशभर गाजला : एकट्या 'जुरासिक पार्क'ची कमाई म्हणजे १५ लाख ह्युंदाई गाड्यांच्या निर्यातीएवढी. गाड्या, जहाजं, पोलाद विकून वर आलेल्या देशाला तेव्हा साक्षात्कार झाला, की अरे, सिनेमा हासुद्धा कारखाना आहे!

मग १९९७ चं आर्थिक संकट आलं. परकीय गंगाजळी आटली, नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. लोकांनी लग्नातल्या अंगठ्या, बाळांच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या आणून दिल्या. सुमारे २२७ टन सोनं गोळा झालं. देश अडचणीत आला की आपण खिशातून द्यायचं, हे त्या पिढीच्या अंगात भिनलं ते तिथे.

त्याच काळात किम दे-जुंग यांच्या सरकारने 'नवे बुद्धिवंत' अशी मोहीम काढली. पदव्या नसल्या तरी चालेल, नवी कल्पना हवी. त्या मोहिमेचा पहिला चेहरा कोण? आपला हाच शिम. १९९९ मध्ये त्याचा 'योंगारी' आला. गाजावाजा भरपूर झाला, पण सिनेमा पडला. गडी मात्र थांबला नाही. पुढची काही वर्षं त्याने 'डी-वॉर'मध्ये घातली. कोरियातला तोवरचा सर्वात महागडा सिनेमा, इंग्रजीत, अमेरिकन नट घेऊन. आणि संगणकावरची दृश्यं मात्र कोरियातच, स्वतःच्या कंपनीत केलेली.

कथेचा गाभा अस्सल कोरियन आहे. तिथल्या लोककथांत इमूगी नावाचा अजस्र सर्प असतो. हजार वर्षं तप केल्यावर आणि दिव्य मणी मिळाल्यावर तो ड्रॅगन होतो. तिकडे ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा राक्षस नव्हे. पाऊस आणि पाणी देणारा. काय सुंदर बीज आहे! आणि त्याचं झालं काय? लॉस एंजेलिसच्या गगनचुंबी इमारतीला विळखा घालणारा साप, पुनर्जन्म झालेली नायिका, आणि का पळतायत ते न सांगता पळणारी माणसं. मी हा सिनेमा नीट, शेवटपर्यंत पाहिलाय. इमारतीचं दृश्य आजही बघण्यासारखं आहे, पण बाकी ठिकाणी पटकथा नावाची चीज शोधावी लागते. नायक हातावर हात ठेवून उभा, आणि आयत्या वेळी कुठूनसा चांगला इमूगी उगवतो आणि सगळं निस्तरतो.

समीक्षकांनी हेच लिहिलं आणि भडका उडाला. कोरियातल्या प्रतीच्या शेवटी 'आरिरांग' हे तिथलं प्राणप्रिय लोकगीत वाजतं आणि दिग्दर्शक आपल्या धडपडीची कहाणी सांगतो. त्यात आदल्याच वर्षी, अमेरिकेशी व्यापार कराराच्या बोलण्यांच्या काळात, देशी सिनेमा दाखवण्याची सक्ती १४६ दिवसांवरून ७३ वर आणलेली. जखम ओली होती. ९ ऑगस्टला टीव्हीवरच्या '१०० मिनिटं चर्चा'त चिन जुंग-ग्वॉन या समीक्षकाने पटकथेची चिरफाड केली. त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. दोनच वर्षांपूर्वी ह्वांग वू-सोक या शास्त्रज्ञाचं मूलपेशींचं संशोधन बनावट असल्याचं दाखवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमावरही लोक असेच तुटून पडले होते, जाहिरातदारांनासुद्धा पळवून लावलं होतं. संशोधन बनावटच निघालं.

'डी-वॉर'ची कोरियात सुमारे ८४ लाख तिकिटं खपली. लोकसंख्या पाच कोटींच्या आत; म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक तिकीट. सप्टेंबरात तो अमेरिकेत दोन हजारांहून जास्त पडद्यांवर लागला. तिथे ना आरिरांगचा उपयोग, ना धडपडीच्या कहाणीचा. कमाई जेमतेम १.१ कोटी डॉलर.

एक गोष्ट मात्र चाहत्यांच्या बाजूने बोललीच पाहिजे. "टीव्हीवरचा विदूषक काय सिनेमा काढणार" असं नाक मुरडणारे तिथे होतेच, आणि लोकांचा राग त्या तुसडेपणावरही होता. तो खोटा नव्हता. पण त्या रागाने पटकथा सुधारत नाही ना!

शेवट कडू आहे. २०११ मध्ये कंपनी बंद पडली. ४३ कर्मचाऱ्यांचे पगार आणि देणी थकवल्याबद्दल २०१३ मध्ये न्यायालयाने शिमला दोषी धरलं. कैदेची स्थगित शिक्षा झाली, अपिलात ती दंडावर आली. ज्यांच्या हातच्या कामाचा देशाला अभिमान वाटला, त्या कंपनीतल्या लोकांना पगारासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. समीक्षकाला शिव्या देणारी गर्दी तोवर पांगली होती.

आणि कोरियन सिनेमाने जग जिंकलंच, पण वेगळ्या वाटेने. 'डी-वॉर'च्या एकच वर्ष आधी बोंग जून-होचा 'द होस्ट' आला होता. त्यातही राक्षसच, पण तो हान नदीतून निघतो, अमेरिकन लष्करी तळावरून ओतलेल्या रसायनामुळे. तसं रसायन २००० साली खरोखर ओतलं गेलं होतं. त्यात स्वतःच्या सरकारची, स्वतःच्या समाजाची खिल्ली आहे. त्याच बोंगच्या 'पॅरासाइट'ने २०२० मध्ये सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर घेतलं. तोही देशाची आरती ओवाळत नाही. सोलमधल्या तळघरात राहणाऱ्या गरिबीची गोष्ट सांगतो.

सोनं देणाऱ्यांचं प्रेम खरं होतं, तिकीट काढणाऱ्यांचंही. फरक एवढाच, की सोनं देताना ते काट्यावर तोलून घेतलं जात होतं. सिनेमा तोलणाऱ्या माणसाला मात्र लोकांनी शत्रू ठरवलं. आपल्याकडे पुढच्या वेळी कुणी "आपल्या माणसाचा आहे, नावं ठेवू नका" म्हणालं, तर त्या ४३ जणांची आठवण ठेवा.