टीममध्ये दोन स्टार, बॉल मात्र एकच: जोडीला पॉइंट गार्ड कसा निवडायचा?

बास्केटबॉलच्या निवड चाचणीत सगळ्यांचं लक्ष कुणाकडे जातं? जो सर्वाधिक पॉइंट्स करतो, त्याच्याकडे. नागपूर असो की पुणे, शाळेची टीम असो की क्लबची, हे चित्र फारसं बदलत नाही.

पण समजा टीममध्ये पॉइंट्स करणारे दोन चांगले खेळाडू आधीच आहेत. एक उंच, रिंगजवळ कुणाला न आवरणारा. दुसरा बाहेरून नेमबाजी करणारा. आता पॉइंट गार्डची जागा रिकामी आहे. तिथे तिसरा स्टार आणायचा, की या दोघांना सांभाळून घेणारा खेळाडू?

प्रश्न सोपा वाटतो. पण जगातल्या सर्वात श्रीमंत बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या एनबीएमध्ये, याच प्रश्नाच्या उत्तराने काही टीम चॅम्पियन झाल्या आणि काहींचा अख्खा सीझन वाया गेला. नेमकं गणित काय आहे, समजून घेऊया.

पॉइंट गार्ड म्हणजे नेमकं कोण?

बास्केटबॉलमध्ये एका वेळी कोर्टवर पाच खेळाडू असतात. त्यातला पॉइंट गार्ड म्हणजे बॉल पुढे नेणारा आणि हल्ल्याची सुरुवात करणारा खेळाडू. कोणता डाव खेळायचा, बॉल कुणाला आणि कधी द्यायचा, हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.

त्याच्याकडे वेळ फार कमी असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बॉल ८ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडून पुढे न्यावा लागतो आणि २४ सेकंदांच्या आत शॉट घ्यावा लागतो. बॉल पुढे आणण्यातच ७ सेकंद गेले, तर उरलेल्या १७ सेकंदांत सगळं काही करायचं असतं.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सेट झालेला बॅट्समन एका टोकाला असताना एकेरी धाव काढून त्याला स्ट्राइक देणारा जोडीदार आठवा. त्याच्या नावावर २० धावाच दिसतात. पण शंभर धावांची भागीदारी त्याच्याशिवाय झालेली नसते.

स्टार जास्त असले, तर अडचण कुठे येते?

अडचण एकच: बॉल एक आहे.

बहुतेक स्टार खेळाडू बॉल हातात असताना सर्वात धोकादायक असतात. असे तिघे एकत्र आले की एकाच्या हातात बॉल असताना बाकीचे दोघे नुसते उभे राहतात. आणि उभा राहिलेला खेळाडू बाहेरून शॉट मारू शकत नसेल, तर त्याला अडवणारा डिफेंडर त्याला सोडून सरळ बॉलकडे धावतो. म्हणजे स्टारसमोर एकाऐवजी दोन डिफेंडर उभे राहतात.

म्हणूनच प्रशिक्षक ‘स्पेसिंग’ हा शब्द सतत वापरतात. साध्या भाषेत, कोर्टवर मोकळी जागा. ती जागा तयार करणारा पॉइंट गार्ड स्टारच्या उपयोगाचा. ती जागा खाणारा कितीही गुणी असला, तरी त्या टीमसाठी चुकीचा.

मिलवॉकी बक्स: एक जागा, दोन मोठे निर्णय

या विषयावर सर्वात जास्त शिकवणारी गोष्ट मिलवॉकी बक्सची आहे.

२०१९-२० च्या सीझनमध्ये यानिस अँटेटोकुम्पोच्या या टीमने साखळीत ५६ सामने जिंकले आणि फक्त १७ गमावले. पण प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मायामीने त्यांना ४-१ असं हरवलं. यानिस होता, ख्रिस मिडलटन होता. तरीही अटीतटीच्या सामन्यांत काहीतरी कमी पडत होतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये बक्सने न्यू ऑर्लिन्सकडून ज्रू हॉलिडे याला घेतलं. किंमत मोठी होती. एरिक ब्लेडसो आणि जॉर्ज हिल हे दोन गार्ड, शिवाय पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट हक्क सोडावे लागले. हॉलिडे काही लीगचा टॉप स्कोअरर नव्हता. पण समोरच्या टीमच्या सर्वोत्तम गार्डला तो रोखू शकत होता आणि त्या सीझनमध्ये त्याचे थ्री-पॉइंटर ३९ टक्क्यांहून जास्त वेळा बास्केटमध्ये गेले.

जुलै २०२१ च्या फायनलमधला पाचवा सामना घ्या. बक्स एका पॉइंटने पुढे होते आणि शेवटचे काही सेकंद उरले होते. फीनिक्सचा डेव्हिन बुकर आत घुसला, तेव्हा हॉलिडेने त्याच्या हातातला बॉल हिसकावला. बॉल धरून ठेवून वेळ घालवता आला असता. त्याऐवजी त्याने तो धावत आलेल्या यानिससाठी रिंगजवळ उंच फेकला आणि यानिसने डंक केला. सामना १२३-११९. पुढच्या सामन्यात यानिसने ५० पॉइंट्स केले आणि बक्सने १९७१ नंतर, म्हणजे ५० वर्षांनी विजेतेपद मिळवलं.

त्या हंगामाचा चेहरा यानिसच होता. पण त्याला त्या जागी बॉल मिळाला, कारण जोडीदार तसा होता.

मग सप्टेंबर २०२३ उजाडला. बक्सने हॉलिडेला सोडलं आणि त्याच्या जागी डेमियन लिलार्डला आणलं. कागदावर हा सौदा जबरदस्त होता. आधीच्या सीझनमध्ये लिलार्डने सामन्यामागे ३२ पॉइंट्स केले होते. पण डिफेन्स ही त्याची ताकद कधीच नव्हती. बक्स २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत इंडियानाकडून हरले आणि २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं. यात दुखापतींचा वाटा मोठा होता, हेही सांगायला हवं. २०२४ च्या त्या मालिकेत यानिस एकही सामना खेळू शकला नव्हता आणि २०२५ मध्ये लिलार्ड स्वतः जायबंदी झाला.

मग हॉलिडेचं काय झालं? पोर्टलंडमार्गे तो काही दिवसांतच बोस्टन सेल्टिक्समध्ये पोहोचला. तिथे जेसन टेटम आणि जेलन ब्राउन हे दोन स्टार आधीच होते. हॉलिडेचे सामन्यामागचे पॉइंट्स १९ वरून साडेबारावर आले. त्याने तक्रार केली नाही. कोपऱ्यात उभं राहून शॉट मारले, थ्री-पॉइंटरची टक्केवारी जवळपास ४३ वर नेली आणि समोरचा सर्वात अवघड खेळाडू अडवला. जून २०२४ मध्ये बोस्टन चॅम्पियन झालं.

पॉइंट्स कमी झाले, टीम मात्र जिंकली. या एका ओळीत अख्खा विषय येतो.

लेकर्स: मोठं नाव, न जुळलेली जोडी

२०२१ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडे लेब्रॉन जेम्स आणि अँथनी डेव्हिस होते. त्यांनी रसेल वेस्टब्रुकला आणलं. २०१७ चा एमव्हीपी, पॉइंट्स-रिबाउंड-असिस्ट तिन्हीत दुहेरी आकडे गाठण्याबद्दल प्रसिद्ध.

पण लेब्रॉन स्वतःच बॉल चालवतो. त्याच्या हातात बॉल असताना वेस्टब्रुकने करायचं काय? बाहेर उभं राहायचं, तर त्या सीझनमध्ये त्याची थ्री-पॉइंटरची टक्केवारी ३० च्याही खाली होती. त्यामुळे डिफेंडर त्याला मोकळं सोडून आत गर्दी करायचे. लेब्रॉन आणि डेव्हिस दोघांनीही दुखापतींमुळे बरेच सामने गमावले, हेही खरं. शेवटी ३३ विजय, ४९ पराभव आणि प्लेऑफला मुकलेली टीम.

वेस्टब्रुक वाईट खेळाडू होता का? अजिबात नाही. जे काम त्याला सर्वात चांगलं जमतं, ते करायला त्या टीममध्ये दुसरा माणूस होता.

फीनिक्स: आधी गार्डच नाही, मग गार्ड आला तरी...

फीनिक्स सन्सने तिसरा मार्ग निवडला. २०२३ मध्ये केविन ड्युरांट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील असे तीन स्कोअरर एकत्र आणले. बीलला आणताना अनुभवी पॉइंट गार्ड ख्रिस पॉल याला सोडलं. बॉल बुकर आणि बील चालवतील, असा हिशेब होता. टीमने ४९ सामने जिंकले, पण प्लेऑफच्या पहिल्या फेरीत मिनेसोटाने ४-० असा धुव्वा उडवला.

मग २०२४ मध्ये टायस जोन्स आला. बॉल सांभाळण्यात त्याचा हात धरणारे कमी. आधीच्या सीझनमध्ये सामन्यामागे ७.३ असिस्ट आणि टर्नओव्हर फक्त १. दुखणं बरं होईल असं वाटलं, पण टीम ३६-४६ वर घसरली आणि प्लेऑफलाही पोहोचली नाही.

असं का? कारण टीमला पासइतकीच डिफेन्स आणि ताकदीचीही गरज होती. जोन्स साधारण १.८५ मीटर उंचीचा. एनबीएच्या मानाने लहान. एक भोक बुजवलं, बाकीची उघडीच राहिली. ‘खरा पॉइंट गार्ड’ आणला की सगळं सुटतं, हा समजही त्यामुळे अर्धवटच ठरतो.

मायकल जॉर्डनच्या शेजारी कोण होतं?

शिकागो बुल्समध्ये जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन हेच बॉल चालवायचे. त्यामुळे त्यांना पारंपरिक पॉइंट गार्ड लागलाच नाही. त्या जागी खेळलेला रॉन हार्पर आधीच्या टीममध्ये सामन्यामागे २० पॉइंट्स करायचा. बुल्समध्ये तो सातच्या आसपास आला आणि डिफेन्सवर भर देऊ लागला. १९९५-९६ मध्ये त्या टीमने ७२ सामने जिंकले आणि विजेतेपदही मिळवलं.

दुसरा गार्ड स्टीव्ह कर. १९९७ च्या फायनलच्या सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी दोन डिफेंडर जॉर्डनवर धावले. जॉर्डनने पास दिला, करने शॉट मारला आणि बुल्स चॅम्पियन झाले.

मग निवडताना काय बघायचं?

या सगळ्या उदाहरणांतून पाच प्रश्न निघतात.

१. *स्टार स्वतः बॉल चालवतो का?* चालवत असेल, तर शॉट मारणारा आणि डिफेन्स करणारा गार्ड हवा. स्टार रिंगजवळचा उंच खेळाडू असेल, तर पास देणारा गार्ड हवा. उंच खेळाडूला बॉल कुणीतरी पोहोचवावाच लागतो.

२. *बॉल हातात नसताना तो काय करतो?* उभा राहतो, की जागा बदलतो, स्क्रीन लावतो, मोकळा होतो?

३. *बाहेरून शॉटची भीती वाटते का?* दहापैकी चार गेले तरी पुरे. पण डिफेंडरला त्याला सोडून जाताना विचार करावा लागला पाहिजे.

४. *समोरच्या चांगल्या गार्डला तो अडवतो का?* हे काम स्टारवर टाकलं, तर त्याची दमछाक डिफेन्समध्येच होते.

५. *स्टार बाहेर बसला की काय होतं?* आंतरराष्ट्रीय नियमांत पाच फाउलनंतर खेळाडू बाद होतो. स्टार चार फाउलवर बेंचवर बसला, तर ती पाच-सहा मिनिटं टीम कोण सांभाळणार?

नागपुरातल्या टीमसाठी हेच लागू होतं का?

बरंचसं होतं, पण प्राधान्यक्रम बदलतो.

नागपूर हे महाराष्ट्रातल्या बास्केटबॉलचं जुनं केंद्र आहे. शिवाजीनगर जिमखान्यासारख्या क्लबने सिया देवधरसारखी आंतरराष्ट्रीय खेळाडू दिली. शालेय स्पर्धा, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि क्लब, या सगळ्यांत दरवर्षी १२ जणांची टीम निवडायची असते.

शालेय पातळीवर अनेक टीम पूर्ण कोर्टभर दबाव टाकतात. एनबीएत बॉल पुढे नेणं हे गृहीत धरलेलं असतं. शाळेत तिथेच सामना हरतो. त्यामुळे इथे पहिली अट वेगळी: दोन डिफेंडर अंगावर आले तरी ८ सेकंदांत बॉल पुढे नेता येतो का? दोन्ही हातांनी ड्रिबल येतं का? मान वर ठेवून खेळता येतं का? शॉटचा नंबर त्यानंतर.

आणि हे तपासायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक वही पुरते.

समजा दोन स्टार ठरलेले आहेत आणि गार्डच्या जागेसाठी दोन मुली आहेत. त्याच दोन स्टारसोबत दोघींना प्रत्येकी दहा मिनिटं खेळवा. पहिलीने स्वतः ८ पॉइंट्स केले, टीमने १४ केले आणि १६ दिले. दुसरीने स्वतः २ केले, पण टीमने १८ केले आणि १३ दिले. पहिलीच्या वेळी टीम दोनने मागे, दुसरीच्या वेळी पाचने पुढे. सोबत किती वेळा बॉल गमावला आणि स्टारला किती सोपे शॉट मिळाले, याच्याही खुणा करा.

एका दिवसाच्या दहा मिनिटांवर निर्णय मात्र घेऊ नका. समोरची टीम बदलून तीन-चार दिवस हे केलं, तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

हा प्रश्न फक्त जिंकण्या-हरण्याचा का नाही?

कारण १२ जणांच्या यादीत नाव असणं आणि नसणं, यात बराच फरक आहे. दहावी-बारावीतले सवलतीचे क्रीडा गुण असोत की राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण, दोन्ही ठिकाणी खेळाडू कोणत्या स्तरावर खेळला आणि काय मिळवलं, हे बघितलं जातं. जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या टीममधून नाव गळलं, की पुढचे दरवाजेही बंद होत जातात.

आणि स्थानिक सामन्यांची नोंद बहुतेक वेळा एकाच आकड्यात होते: कुणी किती पॉइंट्स केले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नावापुढे तेवढंच छापून येतं. कुणाच्या पासमुळे ते पॉइंट्स झाले, समोरच्या स्टारला कुणी चार पॉइंट्सवर रोखलं, याचा तिथे पत्ता नसतो. म्हणजे जी मुलगी टीमला पाचने पुढे नेते, तिच्या नावापुढे फक्त २ दिसतात. कागद बघून निवड केली, तर घरी तीच जाते.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा सामना बघताना दोन मिनिटं बॉलवरची नजर काढा आणि पॉइंट गार्डकडे बघा. आणि तुमच्या टीमची स्कोअरशीट तुम्हीच भरत असाल, तर पॉइंट्सच्या शेजारी असिस्ट, स्टील आणि टर्नओव्हर असे तीन रकाने वाढवा. पुढच्या निवड समितीसमोर ठेवायला मग नावापुढच्या २ पेक्षा जास्त काहीतरी असेल.