ॲक्सोलॉटल : पालन व आजारलक्षणे

उभयचर वर्गातील सॅलॅमँडर गटाचा प्राणी. शास्त्रीय नाव ॲम्बिस्टोमा मेक्सिकॅनम. मेक्सिको सिटीजवळील, सुमारे २,२४० मी. उंचीवरील सोचिमिल्को व चाल्को सरोवरांचा हा मूळ रहिवासी. प्रौढ झाल्यावरही तो डिंभरूपातच राहतो. डोक्याच्या प्रत्येक बाजूस पिसांसारखे तीन कल्ले असतात. त्याच्या प्रकृतीची खूण बहुधा प्रथम या कल्ल्यांवर उमटते.

१८६३-६४ च्या सुमारास ३४ जिवंत प्राणी मेक्सिकोहून पॅरिसला नेण्यात आले. त्यांपैकी सहा ओग्यूस्त द्यूमेरील या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले. १८६५ मध्ये त्यांची वीण झाली आणि त्याच वर्षी काही पिलांचे कल्ले आखडू लागले. असा प्राणी कोणालाही आजारीच वाटावा. परंतु शेपटीवरील पडदाही नाहीसा झाला, त्वचेवर पिवळसर ठिपके उमटले व हवेत श्वास घेणारा सॅलॅमँडर तयार झाला. हे कायांतरण होते. १९२० मध्ये ज्यूलियन हक्सली यांनी अवटू ग्रंथी खाऊ घालून ते घडवून आणले. घरच्या टाकीत मात्र ते क्वचितच आढळते. पडदा शाबूत असून केवळ कल्ल्यांचे तंतू झडत असतील, तर आधी पाणी तपासावे.

पाण्यातील दोष बहुधा डोळ्यांना दिसत नाही. विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटात रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जीवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. त्याआधीच प्राणी सोडणे ही पालकांची सर्वांत सामान्य चूक होय. अमोनिया वाढला की त्वचा लालसर होते व तंतू झडतात. कल्ले पुढे वळणे, शेपटीचे टोक मुडपणे व अन्न नाकारणे ही ताणाची लक्षणे असून जोराचा प्रवाह हेही त्यांचे एक कारण असते. कल्ल्यांवरील कापसासारखा पांढरा थर बुरशीचा असतो. स्वस्थ बसलेल्या प्राण्याचे कल्ले फिके दिसतात. तेवढ्यावरून आजार ठरवू नये. पाणी १६° ते १८° से. ठेवावे, २४° से.च्या वर ते धोक्याचे ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकणे आवश्यक असते. तोंडात मावतील असे खडे टाकीत नसावेत, कारण अन्नाबरोबर ते गिळले जातात.

सोचिमिल्कोत १९९८ मध्ये दर चौ. किमी.स सुमारे ६,००० प्राणी असल्याचा अंदाज होता; २०१४ मध्ये तो सुमारे ३५ वर आला. प्रयोगशाळांतील बऱ्याच प्राण्यांची वंशावळ पॅरिसच्या त्या छोट्या गटापर्यंत जाते.