तलवारीबरोबर आलेला तराजू

गणेशोत्सवात आरती आटोपली की प्रसाद हातात घेऊन मंडळी गप्पांना बसतात. ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात: "तुमचं मूळ गाव कोणतं, आणि तुमचे लोक इकडे आले कधी?" उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणी महादजींबरोबर आले, कोणी दौलतरावांच्या फौजेबरोबर. तलवारीची गोष्ट सगळेच अभिमानाने सांगतात. पण त्या फौजेबरोबर तराजूही आला होता, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. लढाया चालू असताना दुकाने, धान्य, कापड, नाणे आणि हिशेबाच्या वह्या शेकडो कोस सुखरूप कशा नेल्या असतील? या वेळी त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

त्याचा पहिला पुरावा आपल्या शहराच्या नावातच आहे. ग्वाल्हेरचा किल्ला एकाच्या हाती फार दिवस राहत नसे. १७८० साली इंग्रजांनी रात्री शिड्या लावून तो घेतला. १७८३ मध्ये महादजींनी तो परत मिळवला. १८०४ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि १८०५ च्या तहाने दौलतरावांकडे आला. शिंद्यांची राजधानी नावाला उज्जैन होती, पण खरी राजधानी म्हणजे त्यांची छावणी. जिथे डेरे पडतील तिथे दरबार आणि तिथेच बाजार. १८१० साली दौलतरावांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला उतरली ती पुन्हा उठली नाही. डेऱ्यांच्या जागी घरे झाली आणि त्या वस्तीला नावही 'लष्कर' असेच पडले. कंपू, शिंदे की छावणी, जिंसी नाला ही नावे आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो, पण ती सगळी फौजेची आहेत. 'निंबाळकर की गोठ' यातली गोठ म्हणजे गुरांचा गोठा नव्हे. तो आपला मराठी 'गोट', म्हणजे सरदाराचा तळ.

ही छावणी चालत असताना कशी असे, याचे वर्णन टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. १८०९ साली तो रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीबरोबर दौलतरावांच्या छावणीत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये लंडनला छापली गेली. कूच करायच्या दिवशी बिनीवाले पहाटेच पुढे जात आणि नव्या तळावर महाराजांच्या देवडीची जागा दाखवणारे पांढरे निशाण रोवत. मग एकेका बाजाराचे निशाण लागे. महत्त्वाची गोष्ट अशी की, या निशाणांचा आपसातला क्रम कधी बदलत नसे. दुकाने समोरासमोर दोन रांगांत लागत आणि त्यांचा तीन-चार मैलांचा एकच मोठा रस्ता तयार होई. काल ज्या दुकानाच्या शेजारी जो होता, तोच आजही शेजारी असे. गिऱ्हाईकाला दुकान शोधावे लागत नसे आणि उधारी बुडवून दडी मारायची सोयही नसे. गाव बदलले तरी पत्ता बदलत नव्हता. सुखरूप स्थलांतराचे हे पहिले सूत्र.

दुसरे सूत्र म्हणजे माल वाहणारी माणसे. हजारो माणसे आणि जनावरे यांचे पोट भरण्याइतके धान्य फौज स्वतः बरोबर नेऊ शकत नसे. ते काम बंजाऱ्यांचे, म्हणजे आपण ज्यांना लमाण म्हणतो त्यांचे. बैलाच्या पाठीवर गोण्या, पुढे तांड्याचा नाईक, मागे बायकापोरे असा सगळा संसार चालत असे. रात्री मुक्कामाला गोण्या रचून भोवती भिंतच उभी करत. बंजाऱ्यांना वाट मिळे ती केवळ त्यांच्या शौर्यामुळे नव्हे. दोन्ही बाजूंना त्यांची गरज होती, हे मोठे कारण होते. आज त्यांना लुटले तर उद्या आपल्याच छावणीत धान्य येणार नाही, हे प्रत्येक सेनापतीला कळत होते. १८०३ साली असईच्या मोहिमेत शिंद्यांविरुद्ध लढणाऱ्या आर्थर वेलस्लीचाही धान्यासाठी बंजाऱ्यांवरच भरवसा होता. लुटालूट कधी झालीच नाही असे नाही, पण ती करणाऱ्याला पुढे उपाशी राहावे लागे.

तिसरे सूत्र हुंडी. रोकड वाटेवर जितकी कमी, तितकी चोराची भीती कमी. पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे, कागद घ्यायचा आणि उज्जैनच्या पेढीवर तो दाखवून पैसे उचलायचे. मधल्या वाटेवर नाणे हलतच नाही. या सोयीबद्दल सराफ हुंडणावळ घेई. मालासाठी हुंडेकरी असत. ते ठरावीक रकमेत माल पोचवण्याचा मक्ता घेत, वाटेतली जकातही त्यांच्याच माथी. जोखमी हुंडी नावाचाही एक प्रकार होता. माल ठिकाणी पोचला तरच त्या हुंडीचे पैसे मिळत. वाटेत माल बुडाला तर जोखीम हुंडी घेणाऱ्याची. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात. बायजाबाई शिंदे स्वतः या व्यवहारात मुरलेल्या होत्या आणि उज्जैनला त्यांच्या पेढ्या चालत. दौलतरावांचे खजिनदार गोकुळदास पारख यांनी मथुरेचे द्वारकाधीश मंदिर बांधले, ते १८१४ च्या सुमारास. छावणीतल्या पेढीची पत किती दूर पोचत असे, हे त्यावरून कळते.

ही सूत्रे तुटली की काय होते, ते पानिपतावर दिसले. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊसाहेबांच्या फौजेची दिल्लीची वाट अडली. दुआबातून रसद चालू ठेवण्यासाठी आणि अब्दालीची रसद तोडण्यासाठी धडपडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून काही स्वार खजिना घेऊन निघाले. थैल्या आपसात वाटून घेऊन ते रात्रीच चालले होते. अंधारात वाट चुकली आणि ते अब्दालीच्याच छावणीत जाऊन पोचले. त्या वेळी छावणीत बाजारकरी, बुणगे, यात्रेकरू, बायकामुले हे सगळे होते. पैसा पोचला नाही, धान्य आले नाही आणि १४ जानेवारी १७६१ ला फौज उपाशीपोटी लढायला उभी राहिली. त्या दिवशी काय झाले ते आपल्या मुलांनाही पाठ आहे. त्याआधीचे अडीच महिने मात्र कोणी सांगत नाही.

डेऱ्यांचे वाडे झाल्यावर लष्कराची हलण्याची सवय गेली. १ जून १८५८ ला मुरारजवळ शिंद्यांची फौज तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीच्या राणीसाहेबांना जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. राजा काही तासांत हलला, पण खजिना हलला नाही. गंगाजळीतून क्रांतिकारकांच्या फौजेला पगार वाटले गेले. राणीसाहेबांना वीरमरण आले, ग्वाल्हेर पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले आणि २२ जूनला खजिनदार अमरचंद बांठिया यांना सराफ्यात फाशी दिले गेले. किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांनी किंमत मोजली. त्याच धामधुमीत बायजाबाईंच्या यज्ञासाठी म्हणून कोकणातल्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे उत्तरेत अडकले होते. वाटेत त्यांना लुबाडले गेले, मिळवलेले बरेचसे गेले. 'माझा प्रवास' वाचलेल्यांना आठवत असेल की शेवटी ते घरी घेऊन आले ती गंगेची कावड.

आता थोडे आमच्याबद्दल, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. आमचे पूर्वज त्या चालत्या बाजारात कारकुनी करत, असे आजी सांगत असे. तलवार आमच्या घरात कधीच नव्हती. होते ते लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे एक गाठोडे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही लष्करातले भाड्याचे घर सोडून हजिऱ्याला आलो. अंतर जेमतेम दीड-दोन कोस. ना लढाई, ना पेंढारी. कपाट आले, देवघर आले, पितळेचे डबे आले, फुटका पाटसुद्धा आला. गाठोडे मात्र आले नाही. कोणाला वाचता येत नव्हते, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांबरोबर ते रद्दीत गेले असावे. नक्की कोणी दिले हे आम्ही एकमेकांना आजवर विचारलेले नाही. त्यात हुंड्या होत्या, उधारीच्या याद्या होत्या की नुसती घरखर्चाची टिपणे होती, हे आता कधीच कळणार नाही.

ज्यांनी लढायांच्या धामधुमीत शेकडो कोस कागद सांभाळून आणले, त्यांच्या आम्हा वंशजांना शांततेच्या काळात ते दोन कोस नेता आले नाहीत. याची बोच आहे.

म्हणून मंडळी, एकच विनंती. दिवाळीची साफसफाई आता फार लांब नाही. माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खालच्या खणात मोडी कागद निघाले तर रद्दीवाल्याला हाक मारू नका. ते मंडळात आणा. मोडी वाचणारे जाणकार आजही आहेत, मोडीचे वर्गही चालतात. फोटो काढून ठेवू, वाचून घेऊ आणि मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी परत जातील. कोण जाणे, एखाद्या कागदात त्या लांबलचक रस्त्यावरचे आपले दुकान सापडेल, आणि शेजारचे दुकान आरतीला आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्यांचेच निघेल.

गणपती बाप्पा मोरया!